बकरीचं काय झालं?



या अंकात आपण पहिल्यांदाच मुलांसाठी गोष्टी छापत आहोत. तीनच आहेत, आणि तीनही आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींनी लिहिल्या आहेत. त्या लिहिताना आमची जी फजिती झाली, ती आधी सांगायला हवी.

आपण बायांशी बोलतो, सासवांशी बोलतो, ग्रामसभेत भांडतो. पण आठ वर्षांच्या मुलीशी बोलायला आपल्याकडे काय आहे? पोस्टर आहे, घोषणा आहे, एखादं गाणं आहे. गोष्ट नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2011 साली 894 उरल्या. आपला जळगाव जिल्हा तर त्या सरासरीच्याही खाली. ज्या मुली जन्मल्या, त्या लहानपणी काय ऐकत वाढतात याकडे आपण फारसं पाहिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

तर साक्री तालुक्यातल्या एका मैत्रिणीने बालविवाहावर गोष्ट लिहिली. पहिल्याच ओळीत मुलगी बकरी घेऊन रानात निघते. मग पाहुणे येतात, सोयरीक ठरते, मुलगी नकार देते, ताई येतात, 2006 चा कायदा समजावून सांगतात, बापाचे डोळे उघडतात. आम्हा सगळ्यांना गोष्ट फार आवडली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना ती वाचून दाखवली. संपल्यावर विचारलं, "काय कळलं?" मागून एका मुलाने उलट विचारलं, "बकरीनं काय झालं?"

बकरी पहिल्या ओळीनंतर आली नव्हती! मुलं मात्र पूर्ण वेळ तिची वाट पाहत होती. आमचा कायदा त्यांच्या कानावरून गेला.

त्याहून वाईट प्रसंग दुसऱ्या शाळेत झाला. त्या गोष्टीत बाप दारुडा, राक्षसासारखा रंगवलेला. वाचन चालू असताना पुढे बसलेली एक मुलगी खाली मान घालून पाटीवर रेघोट्या ओढत राहिली. नंतर बाईंनी सांगितलं की तिच्या घरी हेच आहे, आणि बापावर तिचा जीवही आहे. आपण तिच्या घरात शिरलो आणि बाहेर पडायला दार ठेवलं नाही. मोठ्यांच्या सभेत जो बाप 'पितृसत्ता' असतो, तो मुलीचा बाबाच असतो. गोष्ट लिहिताना ही दोन्ही माणसं एकाच अंगात दाखवावी लागतात. पथनाट्यात आपण ते कधी केलं नव्हतं.

मग आम्ही शिकायला बसलो, आणि आपल्या मुलखात शिकायला साने गुरुजींपासून सुरुवात करावी लागते. 1924 ते 1930 ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. वाचक समोरच राहणारा, जेवणाच्या पंगतीत भेटणारा. लिहिलेलं कुठे कंटाळवाणं झालं हे दुसऱ्याच दिवशी कळावं, अशी ती सोय. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई'सुद्धा बेचाळीस रात्रींच्या सांगण्यातच मांडलेली आहे. त्यात म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. अस्पृश्यतेवर व्याख्यान देता आलं असतं. तिथे आहे ती मोळी. मुलाला मोळीचं वजन कळतं.

याच पुस्तकाशी आमचं भांडणही आहे, आणि शिबिरात ते कडाक्याचं झालं. ही आई सतत दुसऱ्यासाठी झिजते, आणि तिचं झिजणं हेच तिचं मोठेपण ठरतं. तिला स्वतःला काय हवं होतं, हे मुलाच्या डोळ्यांनी दिसतं तेवढंच दिसतं. पण ज्या माणसाने बायांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' सिद्ध केलं, त्याला बाईचं ऐकू येत नव्हतं असंही म्हणवत नाही. ते भांडण मिटलं नाही. एवढं मात्र ठरलं, की आपल्या गोष्टीतल्या आईला एखादी हौस असेल, राग असेल, आणि कधीतरी ती चुकेलही.

भाषेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. धुळ्याच्या खेड्यातलं मूल घरी अहिराणी बोलतं, शिरपूरच्या डोंगराकडे पावरी. पुस्तकातली आई मात्र पुण्याची असते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याचं आपण स्वागत केलं. पण ते बाबा 'आंडेर' म्हणत नाहीत. शेवटी निवेदन साध्या मराठीत आणि बोलणं अहिराणीत, असा मार्ग काढला. काहींना तो अर्धवट वाटतो. मलाही वाटतो. पण शाळेत वाचताना 'आंडेर' शब्द आला की मुलं एकमेकांकडे बघून हसतात आणि पुढे सरकून बसतात, हे मी पाहिलं आहे.

बाकी शिकलो ते थोडं, आणि चुका करून. गोष्टीतला पेच ताईने सोडवायचा नाही, मुलीने सोडवायचा, तोही तिच्या वयाला झेपेल तेवढाच. शेवटचा परिच्छेद खोडून पाहायचा. बहुतेक वेळा तो आपण स्वतःसाठी लिहिलेला असतो. आणि मोठ्याने वाचायचं. जिथे आपलीच जीभ अडखळते तिथे मूल केव्हाच उठून गेलेलं असतं.

साक्रीच्या मैत्रिणीने तिची गोष्ट चार वेळा लिहिली. आता त्यात कायदा नाही. पाहुणे आलेले असताना बकरी दावं तोडून पळते, मुलगी तिच्यामागे धावते, आणि दोघी संध्याकाळपर्यंत सापडत नाहीत. शोधायला बाप निघतो. वाटेत तो स्वतःशी काय बोलतो, तेवढंच पान आहे. लग्न मोडलं की नाही, हे गोष्ट सांगत नाही. यावर आमच्यात मतभेद आहेत. संघटनेच्या अंकात असा शेवट चालेल का, असं दोघींनी विचारलं. मी छापायचं ठरवलं.

दुसरी गोष्ट ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेल्या, पाठच्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीची आहे. तिसरी निव्वळ गंमत आहे.

तिन्ही गोष्टी आपापल्या गावी मुलांना वाचून दाखवा. ती कुठे चुळबुळ करतात, कुठे मध्येच प्रश्न विचारतात, ते कागदावर टिपून आमच्याकडे पाठवा. आवडली का, असं विचारू नका. मुलं ताईंना नेहमी हो म्हणतात.