तिजोरी विकणे आहे, पण उचलणार कोण?

"साब, तिजोरी तो बढ़िया है. उठाएगा कौन?"

सिकंदराबादला माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये उभं राहून एका निवृत्त नाईकाने हे विचारलं, आणि माझा सगळा हिशेब चुकल्याचं मला कळलं.

बंदुकांची ही तिजोरी मी जबलपूरच्या पोस्टिंगवर एका वर्कशॉपमधून बनवून घेतली होती. पाच फूट उंच, सहा मिलिमीटर पत्रा. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा जवळजवळ आठ किलो भरतो. त्या हिशेबाने दार-कुलपासकट वजन १८० किलोच्या आसपास. तेव्हा माझ्याकडे परवान्याची तीन शस्त्रं होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीने मर्यादा तीनवरून दोनवर आली, तेव्हा रायफल डीलरकडे जमा केली. वडिलांची बारा बोअर पुढे रीतसर भावाच्या परवान्यावर गेली. उरलं एक रिव्हॉल्व्हर. त्याला भिंतीत बोल्ट केलेली छोटी पेटी पुरते.

मग जाहिरात. नव्याची किंमत ४५,००० म्हणून मी २०,००० लावले. तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. भंगारवाला मात्र आला. किलोला तीस रुपये, म्हणजे ५,४००, आणि उचलणं त्याच्याकडे.

जड वस्तूची किंमत पत्र्यावर ठरत नाही, जिन्यावर ठरते. सहा हमाल, ढकलगाडी आणि टेम्पो यांचे ७,५०० सांगितले गेले. घेणाऱ्याच्या डोक्यात हा आकडा आधी असतो. विकणाऱ्याने तो आपल्या किमतीतून वजा करायला हवा, आणि जिना, वळण, दाराची रुंदी, वजन हे सगळं आधीच सांगून टाकायला हवं.

मला हा खर्च इतकी वर्षं दिसला का नाही? कारण तो मी कधी भरलाच नव्हता. प्रत्येक पोस्टिंगला वर्किंग पार्टी यायची, आठ पोरं "एक, दो, तीन" म्हणत तिजोरी ट्रकमध्ये चढवायची, मी चहा पाजायचो. एकदा एका पोराचं बोट दारात चेचलं. एमआय रूममध्ये पट्टी झाली, तो "कुछ नहीं साब" म्हणाला आणि मीही ते तितकंच धरलं. माझ्या खाजगी तिजोरीचं भाडं त्याच्या बोटाने भरलं होतं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

तो नाईक आता बँकेत गनमन आहे. आपले कितीतरी माजी सैनिक स्वतःच्या बारा बोअरवर अशी नोकरी करतात. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. त्यानेही दिली असणार. पण नोकरीत असताना शस्त्र कोतमध्ये असतं, पहाऱ्यात असतं. निवृत्तीनंतर कोत कुठून आणायचा? त्याची बंदूक चादरीत गुंडाळून कपाटावर होती, काडतुसं स्वयंपाकघरातल्या डब्यात. घरात आठ वर्षांचा नातू.

आमचं ५,००० ला ठरलं, पोचवून. फुकट देता आली असती, पण मग ते साहेबाचे उपकार झाले असते. त्याने नोटा मोजून दिल्या, मी मोजून घेतल्या. हमालांचे ७,५०० मी भरले. भंगारात दिली असती तर ५,४०० हातात आले असते. इथे अडीच हजार खिशातून गेले. फरक ७,९०० चा. वर्किंग पार्टीचे इतक्या वर्षांचे पैसे धरले तर मी अजूनही फायद्यात आहे.

ज्यांना विकायची आहे त्यांच्यासाठी थोडं. जाहिरातीत पत्ता आणि बंदुकीचा उल्लेख एकत्र नको. चोराला वेगळं आमंत्रण लागत नाही. देण्याआधी प्रत्येक खण हाताने चाचपा. माझ्या तिजोरीत मागच्या फटीत पॉइंट टू टूचं एक काडतूस निघालं. परवान्याबाहेरचं एक काडतूससुद्धा घेणाऱ्याला गुन्ह्यात अडकवू शकतं. सगळ्या किल्ल्या द्या. एखादी हरवली असेल तर तसं सांगा. नंबरचं कुलूप असेल तर जुना नंबर बदलून द्या. आणि घेणाऱ्याला सांगा: तळमजल्यावर, भिंतीला लावून, खाली जाड प्लायवूड टाकून ठेव, भिंतीत बोल्ट कर. नाहीतर फरशी तडकते, आणि उघड्या दाराच्या वजनाने तिजोरी पुढे कलंडू शकते.

कॅन्टोन्मेंटमधल्या किती गॅरेजमध्ये अशा रिकाम्या तिजोऱ्या गंजत पडल्या आहेत हे आपण सगळेच पाहतो. बाहेर किती घरांत बंदुका कपाटावर आहेत, हेही आपल्याला माहीत आहे. भंगारवाल्याला फोन लावण्याआधी आपल्या युनिटच्या पेन्शनरांपैकी एखाद्या गनमनला विचारून पाहा. आणि हमालांचे पैसे आपण द्या.