धुक्यातला ताज, धुरातले आग्रा

डिसेंबर लागला की इतिहासप्रेमींच्या पानांवर एक छायाचित्र हमखास अवतरते : धुक्यात अर्धामुर्धा विरघळलेला ताजमहाल आणि खाली ओळ, ‘कैदेतल्या शहाजहानने अखेरचा पाहिलेला ताज’.

ही ओळ अगदीच निराधार नाही, म्हणूनच ती अधिक फसवी. शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात वारला तो जानेवारी १६६६ मध्ये, ऐन हिवाळ्यात. यमुनाकाठी तेव्हाही धुके पडत असणार. चुलींत लाकडे आणि गोवऱ्या तेव्हाही जळत. परंतु आजच्या छायाचित्रातला पांढरा पडदा निव्वळ धुक्याचा आहे, हे कोणी ठरवले?

(हेच चित्र महाराजांच्या आग्र्याहून सुटकेला जोडणाऱ्यांविषयी काय बोलावे? ती सुटका ऑगस्ट १६६६ मधली, भर पावसाळ्यातली.)

हिवाळ्यात गंगा-यमुनेच्या मैदानात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. वारा पडलेला असतो. वाहनांचा, भट्ट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर जाऊ शकत नाही आणि त्याच्याच सूक्ष्म कणांवर बाष्पाचे थेंब धरतात. भारतीय व अमेरिकी संशोधकांनी ताजच्या परिसरात साचणारे कण तपासले. २०१४ साली पुढे आलेल्या त्या अभ्यासात धुळीबरोबर ज्वलनातून आलेला कार्बन आढळला. पांढऱ्या दगडावर पिवळट-तपकिरी छटा चढते ती यामुळे. पुरातत्त्व सर्वेक्षण खाते १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचे लेप देऊन ती उतरवत आले आहे. छायाचित्रकार तेच काम एका फिल्टरने क्षणात उरकतो आणि पुरावा नाहीसा होतो.

आकाश कोरे करण्याची रीत तशी जुनी. डॉ. जॉन मरे १८५० च्या दशकात मोठ्या कागदी निगेटिव्हांवर आग्रा टिपत होते, तेव्हाची रसायने निळ्या प्रकाशाला इतकी संवेदनशील होती की आकाश पांढरेफटक उमटे. डाग झाकण्यासाठी त्या काळचे छायाचित्रकार निगेटिव्हवरचे आकाश शाईने रंगवूनही टाकत. तो तंत्राचा नाइलाज होता. आजच्या कॅमेऱ्याला ती सबब नाही.

धुके आणखी एक गोष्ट गिळते, ती म्हणजे शहर. ताजच्या दक्षिणेचे ताजगंज हे शहाजहानकालीन मुमताजाबाद. तिथल्या बाजार-सरायांचे भाडे आणि ३० गावांचा महसूल मकबऱ्याच्या देखभालीसाठी लावून दिलेला होता. बाजार त्या रचनेचाच भाग होता. पुढे ३० डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे पुन्हा हिवाळ्यातच, सर्वोच्च न्यायालयाने ताजभोवतालच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर पट्ट्यातील २९२ कारखान्यांना आदेश दिला : कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्या, अन्यथा पट्ट्याबाहेर जा. ओतकामाच्या भट्ट्यांवर पोट असलेल्या कामगारांच्या भरपाईची तरतूदही न्यायालयाला त्याच निकालात करावी लागली. ताजची शुभ्रता राखण्याचा भार ज्यांच्यावर पडला, ती माणसे या चित्रांत कुठेच नाहीत.

धुक्यातले चित्र काढणाऱ्याने काढावेच. मात्र ‘शहाजहानचा ताज’ ही ओळ खोडून तिथे तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा आग्र्याचा हवा गुणवत्ता निर्देशांक लिहावा. तो रोज जाहीर होतो.