मेरठचे सोने आणि अडलेला कायदा

सप्टेंबर १९४७. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी विकायला मेरठला आला आणि चोरीच्या मालाच्या संशयावरून पोलिसांनी त्याला बाजारात पकडले. दुसऱ्याच दिवशी तो सुटला. चांदी पुढे परत मिळाली, पण शंभर तोळ्यांहून अधिक सोने बुडाले. ज्याच्या ताब्यात ते होते, तो हेड कॉन्स्टेबलच ते घेऊन पाकिस्तानात पळाला.

सरकारने भरपाई द्यावी, हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य केला, तरी दावा फेटाळला. अटक, झडती, जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे. त्यांतल्या चुकीबद्दल सरकारकडून भरपाई मागता येत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांना स्वतःलाही ही स्थिती समाधानकारक वाटली नव्हती. सरकारच्या अशा जबाबदारीबद्दल कायदेमंडळाने ब्रिटनप्रमाणे कायदा करावा, असे त्यांनी निकालातच सुचवले. ब्रिटनने आपला तो कायदा १९४७ मध्येच, मेरठच्या अटकेच्या काही आठवडे आधी संमत केला होता.

सार्वभौम आणि इतर सरकारी कामांतल्या या भेदाचे मूळ १८६१ च्या कलकत्त्यातील एका खटल्यात आहे. सरकारी गोदीतील कामगारांच्या निष्काळजीपणामुळे एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला. कंपनीला भरपाई मिळाली; मात्र सार्वभौम कामांबद्दल अशी जबाबदारी नसते, हे न्यायालयाचे विवेचन मागे उरले. राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने सरकारची जुनी जबाबदारी संसद कायदा करेपर्यंत तशीच पुढे चालू ठेवली, आणि वसाहतकाळातील तो भेद प्रजासत्ताकातही शिरला.

त्यातून काय निघते? उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परतताना एका पादचाऱ्याचा जीव घेते, तेव्हा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालय राजस्थान सरकारला जबाबदार धरते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून महिला दगावते, तेव्हा उच्च न्यायालय रुग्णालय चालवणे हेही सार्वभौम काम मानते! सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली ती १९९६ मध्ये. नुकसान सोसणाऱ्याला मात्र काम सार्वभौम होते की नव्हते, याने काय फरक पडतो?

न्यायालयांनी रिट याचिकेची दुसरी वाट काढली, हे खरे. निर्दोष सुटूनही १४ वर्षे बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या माणसाला १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने भरपाई दिली. मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची सबब चालत नाही, हे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. पण त्या १४ वर्षांबद्दल हातात पडले एकूण ३५ हजार रुपये. तेही अंतरिम, उरलेल्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावण्याची मुभा. रिट याचिकेतल्या रकमेला ठरलेले सूत्र नाही, आणि दिवाणी दाव्यात मेरठचा निकाल आजही सरकारी वकिलाच्या हाताशी असतो, कारण नंतरच्या निकालांनी त्याची धार कमी केली तरी तो रद्द केलेला नाही.

विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, सरकारची जबाबदारी ठरवणाऱ्या कायद्याची शिफारस केली होती. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली आणि बारगळली. संसदेने ते काम आता हाती घ्यावे: कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल खासगी मालकाइतकीच सरकारची जबाबदारी, युद्धासारखे मोजकेच अपवाद, भरपाई ठरवण्याची मुदत, आणि जाणूनबुजून गुन्हा करणाऱ्या अधिकाऱ्याकडून ती रक्कम वसूल करण्याची तरतूद.