सांगावं, पण गळ घालू नये

‘ज्याचा धर्म त्याने घरात ठेवावा,’ असं कोणी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या नाटे गावात बसून सुनावलं की गंमत वाटते. इथे कुठला धर्म घरात राहिलाय? शिमग्याला पालखी ढोलताशांत दारोदार फिरते, शेजारच्या साखरी नाट्याच्या मशिदीतली बांग खाडीवर ऐकू येते. मग ख्रिस्ती माणसानेच तेवढं येशूचं नाव ओठांआड का ठेवायचं?

उत्तर तयार असतं : पालखी कोणाला देव बदलायला सांगत नाही, तुम्ही सांगता. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आम्ही बोलावतो, हे खरंच. घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रचाराचा हक्क दिला. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या पुष्कळांना हा निकाल बोचतो. मला नाही बोचत. सांगणं माझं, ठरवणं ऐकणाऱ्याचं. पण ठरवण्याचा हक्क त्याचा आहे म्हणून माझं सांगणंच गुन्हा, हे मात्र मान्य नाही. तसं मानलं तर त्याला ठरवायला उरलं काय?

आता आमच्याच माणसांकडे वळतो. ‘आत्मा वाचतोय ना, मग रीत कसली बघता?’ हा त्यांचा युक्तिवाद. जेटीवर मासळीचा लिलाव रंगात असताना तांडेलाच्या हातात पत्रक कोंबायचं, वर त्याच्या श्रद्धेला खोटं म्हणायचं, आणि याला प्रेम म्हणायचं! १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. विद्वत्ता दोन्हीकडे होती. पण चारचौघांत हरवलेला माणूस मनाने जवळ येतो, असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

कवी नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. ते ख्रिस्ताकडे वळू लागले ते वादात हरून नव्हे. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या, निघताना नवा करार हातात दिला. त्याचं नाव टिळकांना पुढेही कळलं नाही.  वाचायचं की नाही, हे टिळकांवर राहिलं.

याच टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो मात्र बायकोला विश्वासात न घेता. त्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. ते सोवळं त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडलं आणि सुमारे पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तमेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

म्हणून आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करायची तर आधी विचारावं. कोणाच्या पोराची शाळेची फी भरली तर ती भरून मोकळं व्हावं. पोराला आईबापांच्या पाठीमागे काही शिकवू नये. समोरचा ‘नको’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच बांगडे घ्यावेत, तेही घासाघीस न करता.

‘अशाने मंडळी वाढणार कशी?’ असं विचारतात. नाही वाढली तर नाही वाढली.