पट्ट्यावर पास म्हणजे हृदय पास, असं नसते भाऊ!

काल जठारपेठेत सकाळच्या चहावर बेलोऱ्याचा विषय निघाला. अमरावतीहून विमान सुरू झालं, एअर इंडियानं तिथंच वर्षाला 180 वैमानिक घडवायची अकादमी जाहीर केली. बोलता बोलता गोष्ट नागपूरवर गेली. ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याचं विमान न्यायला निघालेला इंडिगोचा वैमानिक नागपूरला बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. वय चाळीसच्या आसपास. लगेच एकानं निकाल दिला, "या पायलट लोकाइले दर साली पट्ट्यावर पळवा. पास झाला तं उडव, नाही तं घरी बस!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. काऊन, ते सांगतो.

पट्ट्याची तपासणी, म्हणजे टीएमटी, वाईट नाही. खाटेवर झोपवून काढलेला ईसीजी बऱ्याचदा काहीच सांगत नाही. 18 जून 1972 ला लंडनजवळ स्टेन्स इथं विमान पडलं, 118 माणसं गेली. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चांगल्याच खराब निघाल्या. आधीच्या ईसीजीत ते दिसलंच नव्हतं. धावताना हृदय जास्त रक्त मागतं, नळी फार अरुंद असेल तर ईसीजी बदलतो. इतकं मान्य.

पण "फार अरुंद" हा शब्द विसरू नका. झटका पुष्कळदा अर्ध्याहून कमी अडलेल्या नळीतही येतो. आतला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते, खेळ खलास. असा माणूस आदल्या दिवशी पट्ट्यावर मस्त पळू शकतो.

आता हिशेब करा. जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते, ही तपासणी 100 आजाऱ्यांतले साधारण 68 पकडते आणि 100 निरोग्यांतल्या 23 जणांना उगाच आजारी ठरवते. समजा 1000 तरुण वैमानिकांत 20 जणांना खरा आजार आहे. 14 सापडतील, 6 'पास' होऊन कॉकपिटमध्ये बसतील. आणि सव्वादोनशे धडधाकट माणसं अँजिओग्राफीच्या रांगेत, लायसन्स अडकून. ही सुरक्षा का?

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझी टीएमटी निगेटिव्ह आली. महिन्याभरात जिना चढताना छाती भरून यायला लागली, तरी मी घरात रिपोर्ट नाचवत होतो. बायकोनं हाताला धरून नेलं, म्हणून हे लिहायला उरलो. चूक मशीनची नव्हती. मी त्या कागदाला हमीपत्र समजलो होतो.

मग करायचं काय? वय, साखर, बीपी, तंबाखू, घरातला इतिहास पाहा. ज्याचा धोका जास्त, त्याला टीएमटीच काय, गरज पडली तर सीटी अँजिओसुद्धा करा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, छातीत दुखलं असं खरं सांगणाऱ्याची भाकरी हिसकू नका. उपचार घेऊन परतायची वाट मोकळी ठेवा. सांगितलं की नोकरी जाते, हे ठाऊक असलेला माणूस दुखणं लपवणारच. लपवलेलं दुखणं कोणत्याच पट्ट्यावर सापडत नाही.

आणखी एक. विमानात बाजूला दुसरा वैमानिक असतो. हृदयाचा धोका किती चालेल, याचा हिशेबच तिकडे त्या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर केला आहे. आपल्या अकोला-अमरावती एसटीत चालकाच्या बाजूला कोण असतं? तिकीट फाडणारा वाहक! पन्नास जीव एका छातीवर. त्या छातीची काळजी चहावर कोणी काढली नाही, कारण तिथं बसलेल्यांपैकी एसटीनं जाते कोण?

शिवणीच्या धावपट्टीसाठी भांडा, मीही येतो. पण तपासणीचा ठप्पा म्हणजे सुरक्षा, हे मला सांगू नका. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा.