पर्वतीवरची जुनी नजर

पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पहाटे चढणारे पुणेकर व्यायामाला येतात, देवदर्शन त्यात आपसूक होते. माथ्यावरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले आणि पानिपतानंतर, १७६१ मध्ये, ते याच टेकडीवर निवर्तले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली तीही इथूनच. कित्येक मैल लांबचे रणांगण दिसेल इतके मोकळे क्षितिज तेव्हा होते. आज सिंहगड दिसायलाही पावसाने धुतलेली हवा लागते, आणि मधल्या टोलेजंग इमारतींची मेहेरबानी.

टेकडी म्हणजे फक्त तिचा उतार नव्हे. माथ्यावरून दिसणारा पट्टाही तिचाच. उंच इमारतींना परवानगी देताना महापालिकेने हा दृष्टिपट विचारात घ्यावा. दृष्टिपटाइतकाच टेकडीचा इतिहासही जपायला हवा. माथ्यावर पेशव्यांचे संग्रहालय आहे, ते असावेच. पण १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी याच पायऱ्यांवर सत्याग्रह झाला, सत्याग्रहींनी दगडही झेलले. पहाटे धापा टाकत चढणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल? पायथ्याशी त्याची माहिती देणारा ठळक फलक हवा. त्याला फार निधी लागत नाही.