संकल्पचित्राचा धनी कोण?

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या सॉल्वे फर्थ या समुद्राच्या खाडीत रॉबिन रिग नावाचा पवनऊर्जा प्रकल्प आहे. तिथल्या पवनचक्क्यांचा पाया असा : समुद्रतळात चार मीटरहून थोड्या अधिक व्यासाची पोलादी नळी ठोकायची, तिच्या वरच्या टोकावर किंचित मोठी दुसरी नळी टोपणासारखी बसवायची आणि दोन्हींमधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचे मिश्रण, भरायचे. वरच्या मनोऱ्याचा सगळा भार त्या ग्राउटच्या पकडीवर. ही पकड किती धरेल, हे काढण्याचे सूत्र ‘जे-१०१’ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेले होते. मालक कंपनीने कंत्राटात हेच मानक वापरण्यास सांगितले. डॅनिश कंत्राटदाराने ते वापरले आणि ज्या संस्थेचे हे मानक, तिनेच डिझाइन तपासून मान्य केले. काम २००९ मध्ये पूर्ण झाले, २०१० मध्ये जोड सरकू लागले. मानकाच्या सूत्रातला एक आकडा सुमारे दहा पटींनी चुकला होता. दुरुस्तीला २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो लागणार होते आणि ते कोणी द्यायचे, यावर वाद उभा राहिला. कंत्राटदाराने हलगर्जी केली नाही, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने भार त्याच्यावरच टाकला. कारण कंत्राटाच्या तांत्रिक भागात आणखी एक वाक्य होते : पाया वीस वर्षे टिकेल असे डिझाइन करावे.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच आहे. दोन अटी असतील तेव्हा त्यांतली कडक अट पाळायची, हे तत्त्व जुने आहे आणि कंत्राटदाराने सही डोळे उघडे ठेवून केली होती. पण बांधकामाच्या दृष्टीने पाहिले तर सगळ्यांनीच धडा घ्यावा, असे हे प्रकरण आहे. एकाच कंत्राटात मालकाने पद्धतही सांगितली आणि परिणामाची हमीही मागितली. दोन्ही जुळले नाहीत तर काय, हे मात्र ठळकपणे लिहिले नाही. ते ठरायला तीन न्यायालये आणि काही वर्षे खर्ची पडली. म्हणून माझे म्हणणे असे, की मालक आणि कंत्राटदार यांच्यात संकल्पचित्राची जबाबदारी जरूर वाटावी, पण प्रत्येक गोष्टीला एकच धनी असावा आणि तो असा असावा, की ज्याला ती गोष्ट तपासता येते. जी गोष्ट फक्त मालकालाच ठाऊक असू शकते, ती एका वाक्याने कंत्राटदाराच्या गळ्यात मारल्याने प्रकल्प सुरक्षित होत नाही, फक्त भांडण पुढे ढकलले जाते.

आंतरराष्ट्रीय कामांत हा प्रश्न नवा नाही. सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या महासंघाची स्थापना १९१३ ची. त्याच्या नमुना कंत्राटांना लोक रंगांवरून ओळखतात. लाल पुस्तकात संकल्पचित्र मालकाचे, कंत्राटदाराने ते बांधायचे. पिवळ्यात मालक आपल्या गरजा सांगतो आणि संकल्पचित्र कंत्राटदार करतो. १९९९ मध्ये आलेल्या चंदेरी पुस्तकात मालकाच्या गरजपत्रकातल्या चुकांचा भारही बहुतांशी कंत्राटदारावर जातो. सगळी जबाबदारी झटकू पाहणाऱ्या मालकांना हे चंदेरी पुस्तक मोहात पाडते. पण ते नीट वाचले तर दिसते, की तिथेही काही गोष्टी मालकाकडेच ठेवल्या आहेत : बांधकाम नेमके कशासाठी, पूर्ण झाल्यावर त्याची चाचणी कोणत्या निकषांवर, मालकाने न बदलणारी म्हणून दिलेली माहिती आणि कंत्राटदाराला पडताळताच येणार नाही अशी माहिती. शिवाय प्रस्तावनेतच बजावले आहे, की बोलीदारांना गरजपत्रक तपासायला पुरेसा वेळ नसेल, जमिनीखालचे काम मोठे असेल किंवा मालकाला बहुतेक नकाशे स्वतः तपासायचे असतील, तर हे पुस्तक वापरू नये. सगळ्यात कठोर नमुन्याचीही जर ही भूमिका असेल, तर त्यातल्या सोयीच्या अटी उचलून या मर्यादा वगळणाऱ्या मालकाला कोणत्या अनुभवाचा आधार आहे?

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. कर्ज देणाऱ्या बँकांना आणि सरकारी तिजोरीला किंमत आधी कळावी लागते. जबाबदारी एकाच ठिकाणी असली की किंमत पक्की राहते आणि हिशेब सोपा होतो. हा मुद्दा खरा आहे. एकखांबी जबाबदारीचे फायदे मी नाकारत नाही. पण अज्ञाताची किंमत प्रामाणिकपणे लावणारा बोलीदार महाग ठरतो आणि काम जाते ते ती न लावणाऱ्याकडे. पनामा कालव्याच्या नव्या जलपाशांचे संकल्पचित्रासह कंत्राट २००९ मध्ये ज्या समूहाला मिळाले, त्याची बोली पुढच्या बोलीपेक्षा एक अब्ज डॉलरहून अधिक कमी होती. पुढे काँक्रीटसाठी लागणाऱ्या बेसाल्ट खडकाच्या दर्जावरून आणि मिश्रणाच्या मंजुरीवरून दाव्यांचा डोंगर उभा राहिला, २०१४ च्या फेब्रुवारीत काम थांबले आणि कालव्याच्या शताब्दी वर्षात, म्हणजे २०१४ मध्येच, खुला व्हायचा मार्ग २६ जून २०१६ ला खुला झाला. पक्की म्हणवली जाणारी किंमत अशी कागदावरच पक्की राहते. त्यात विम्याची अडचण आहेच. व्यावसायिक जबाबदारीचा विमा साधारणपणे निष्काळजीपणा झाला तरच भरपाई देतो. बांधकाम हेतूला पुरे पडेलच, या निखळ हमीला तो सहसा पाठबळ देत नाही. मग विम्याविना टाकलेला तो भार कंत्राटदाराला पेलला नाही, की परत मालकाच्याच दारात येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनुभवी कंत्राटदाराने जागा पाहून, कागद वाचून धोका ओळखायला नको का? ओळखायलाच हवा. जिब्राल्टरच्या विमानतळावरचे प्रकरण याच प्रश्नाचे. धावपट्टीच्या पूर्व टोकाखालून रस्त्याचा बोगदा करण्याचे सुमारे तीन कोटी पौंडांचे काम २००८ मध्ये पिवळ्या पुस्तकाच्या आधारे दिले गेले आणि मुदत होती दोन वर्षांची. खोदताना दूषित माती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, असे स्पॅनिश कंत्राटदाराचे म्हणणे होते. २०११ मध्ये मालक असलेल्या जिब्राल्टर सरकारने कंत्राट संपुष्टात आणले. जुन्या लष्करी तळावर माती दूषित असणार, मालकाने दिलेल्या पर्यावरण अहवालातही तिचा उल्लेख होता, तेव्हा अनुभवी कंत्राटदाराने हे धरून चालायला हवे होते, असे लंडनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. सरकार जिंकले. पण बोगदा खुला झाला तो मार्च २०२३ मध्ये. दोन वर्षांच्या कामाला चौदा वर्षे लागली आणि तेवढी वर्षे धावपट्टी ओलांडण्यासाठी फाटकापाशी थांबले ते तिथले नागरिक. निकालाने पैसे कोणी सोसायचे ते ठरते. गेलेली वर्षे कोणताही निकाल परत देत नाही.

म्हणूनच जमिनीच्या बाबतीत फिडिकने २०१९ मध्ये बोगद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत पाचूच्या रंगाचे वेगळे पुस्तक काढले. त्यात मालक आधी भूगर्भाचा आधारभूत अहवाल देतो : खडक कसा, पाणी किती, कोणत्या अंतरात काय अपेक्षित. प्रत्यक्ष परिस्थिती त्या चौकटीत असेल तोवर काम कंत्राटदाराचे, त्याबाहेर गेली की वाढीव मुदत आणि खर्च मालकाचा. यात कोणावर मेहेरबानी नाही. बोअर घेऊन जमीन तपासायला मालकाकडे अनेक वर्षे असतात, बोलीदाराकडे काही महिने. ज्याच्याकडे वेळ आणि जागेचा ताबा आहे, त्याने माहिती गोळा करावी आणि तिची जबाबदारी घ्यावी, इतका हा साधा न्याय आहे.

हे सारे आपल्यापासून लांबचे नाही. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जपानी कर्जाच्या मदतीने आणि जपानी व कोरियन कंपन्यांच्या भागीदारीने उभा राहिला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जातो. अशी कामे वाढणार. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या पद्धतीत संकल्पचित्र मंडळ नकाशे करी आणि कंत्राटदार त्याबरहुकूम बांधी. नव्या पद्धतीत संकल्पचित्र बाहेर गेले ते योग्यच, त्याने नवे तंत्र आले. पण काम बाहेर गेले म्हणून ते समजून घेण्याची क्षमताही बाहेर जाऊ देणे घातक आहे. आपल्याला काय हवे, हे ज्याला अचूक लिहिता येत नाही आणि आलेले संकल्पचित्र ज्याला वाचता येत नाही, तो मालक फक्त सह्या करणारा राहतो.

म्हणून प्रत्येक मोठ्या निविदेत एक तक्ता सक्तीचा असावा. संकल्पचित्रातली प्रत्येक बाब, ती ठरवणारा कोण, स्वतंत्रपणे तपासणारा कोण आणि ती चुकली तर खर्च कोणाचा. मानक आणि परिणाम दोन्ही सांगितले असतील तर वरचढ कोणते, तेही त्यातच. तो भरताना बैठका लांबतील, खडाजंगी होईल. होऊ द्या. रॉबिन रिगच्या कंत्राटात असा तक्ता असता, तर ‘हे सूत्र तपासणार कोण?’ हा प्रश्न ग्राउट ओतण्याआधी, कोरड्या जमिनीवर, टेबलाभोवती विचारला गेला असता.